दूरचा संगणक व आपलीं मराठी अक्षरें

शाळेच्या वार्षिकांत, आणि त्यांतही मराठी विभागांत, संगणकाच्या बिघाडांवर लेख कशासाठीं, असें कित्येक पालकांच्या मनांत येईल. हा विषय विज्ञानाच्या शिक्षकांचा, भाषेच्या शिक्षकानें त्यांत पडूं नये, असें आमचेंही मत होतें. तें २०२१ सालच्या पावसाळ्यांत बदललें. तें कसें, हें सांगितल्यावांचून पुढील विवेचन विद्यार्थ्यांस रुक्ष वाटेल, म्हणून तेथूनच आरंभ करितों.

त्या वर्षीं साथीमुळें दहावीची परीक्षा रद्द झाली होती. नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या वर्षांतील लेखी मूल्यमापनाचे ३० व तोंडी, प्रात्यक्षिक इत्यादींचे २० अशी बेरीज करून शाळांनींच निकाल सिद्ध करावयाचा होता. तो १६ जुलै रोजीं जाहीर झाला आणि लागलीच शाळा सोडल्याच्या दाखल्यांची मागणी सुरू झाली. आमचे कारकून कल्याणास राहणारे. लोकलगाड्या तेव्हां सर्वांस खुल्या नव्हत्या. आमच्या लालबागच्या इमारतीचा आमचाच मजला रुग्ण सांपडल्यामुळें बंद केलेला. दाखल्यांची सारी नोंद मात्र गिरगांवांत, शाळेच्या कचेरींतील एका संगणकांत. तेथें हजर असे एकच गृहस्थ होते, ते म्हणजे शाळेच्या आवारांत राहणारे शिपाईमामा. आणि त्यांनीं संगणक पुसण्यापलीकडे त्यास कधीं हात लावला नव्हता. तेव्हां असें ठरलें कीं, मामांनीं तो चालू करावा व आम्हीं घरीं बसून ‘रिमोट डेस्कटॉप’ या जातीच्या सॉफ्टवेअरच्या साह्यानें त्यावर काम करावें.

हें सॉफ्टवेअर म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगूं. दूरच्या संगणकाच्या पडद्याचें चित्र इंटरनेटवरून आपल्या पडद्यावर येतें, आणि आपल्या कीबोर्डावरील व माऊसवरील हालचाल उलट दिशेनें तिकडे जाते. मायक्रोसॉफ्टनें १९९८ सालीं आपल्या विंडोजच्या एका आवृत्तींत ही सोय दिली. केंब्रिज येथील एका प्रयोगशाळेंतून व्हीएन्‌सी निघालें. टीमव्ह्यूअर व एनीडेस्क हीं दोन्ही जर्मनींतलीं. गूगलचेंही एक आहे. परळच्या जुन्या गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांतील हजारों माणसें २०२० पासून अशाच रीतीनें घरून काम करूं लागलीं. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं हें वडिलांच्या किंवा आईच्या खांद्यावरून पाहिलेंच असेल.

आम्हीं पहिल्याच दिवशीं दाखल्याच्या मथळ्यांतील ‘शाळा’ हा शब्द लिहावयास घेतला, तों पडद्यावर एम्, ई, एन्, ई अशीं चार इंग्रजी अक्षरें उमटलीं. पुढें अक्षरें मराठी झालीं तरी भलतींच येऊं लागलीं. तेंही साधलें तेव्हां ‘शिंदे’ या आडनांवावरचा टिंब दिसेनासा झाला. तिसऱ्या दिवशीं सारा पडदाच काळा! मुलांचे प्रवेश अडलेले, आणि दाखल्यावर एकदां चुकलेलें नांव पुढें जातीच्या प्रमाणपत्रापासून पासपोर्टापर्यंत माणसाची पाठ सोडीत नाहीं, हें शिक्षकाइतकें कोणास ठाऊक असणार? त्या आठवड्यांत आम्ही जें शिकलों तें येथें देत आहों.

मुख्य गोष्ट एकच, आणि ती ध्यानांत आली म्हणजे निम्मे बिघाड आपोआप उलगडतात. अशा कामांत संगणक दोन असतात. म्हणून कीबोर्डाची भाषा दोन ठिकाणीं ठरते, पडदे दोन असतात, आणि परवानग्याही दोन्हीकडे द्याव्या लागतात. दोष दिसतो आपल्यापुढें. पण तो असतो कोणत्या टोकास, हें आधीं शोधावें व मगच हात लावावा. आम्हीं हें न करितां दोन्हीकडे एकाच वेळीं फेरफार केले, आणि एक दोष होता त्याचे तीन केले.

शोधण्याची रीत सोपी आहे. पलीकडे माणूस असेल तर त्यास विचारावें, “मामा, तुमच्यासमोर काय दिसतंय?” त्याच्यापुढें अक्षर बरोबर असून आपल्यापुढें वेडेंवांकडें असेल तर दोष आपल्या टोकास किंवा वाटेंत आहे, त्याच्यापुढेंही तेंच असेल तर दोष पलीकडे, किंवा बटणांचा निरोप तेथें भलत्या रूपांत पोंचत आहे. पलीकडे कोणी नसेल तर दूरच्या खिडकीच्या बाहेर येऊन आपल्याच संगणकावर नोटपॅड उघडावें व तोच शब्द लिहून पाहावा. येथें नीट उमटला तर आपला कीबोर्ड निर्दोष आहे, एवढें तरी निश्चित झालें.

सॉफ्टवेअर बसवितांना येणाऱ्या अडचणींत विशेष गूढ कांहीं नाहीं. पुष्कळांचा घोटाळा होतो तो असा कीं, विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपनें जातां येतें, पण त्या आवृत्तीच्या संगणकांत बाहेरून तसें येतां येत नाहीं. त्यास ‘प्रो’ किंवा वरची आवृत्ती लागते. शाळेच्या संगणकावर ‘होम’ होती हें कळण्यांत आमची एक सकाळ गेली. अशा वेळीं दुसरें सॉफ्टवेअर घ्यावें. तें मूळ उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावें. शोध घेतांना सर्वांत वर जाहिरात म्हणून येणाऱ्या पत्त्यावर विश्वासूं नये. पलीकडे तें नुसतें चालवून न ठेवतां प्रशासकाच्या अधिकारानें रीतसर बसवावें. कारण विंडोज जेव्हां ‘या प्रोग्रॅमास बदल करूं द्यावा काय?’ असें विचारतें, तेव्हां तो प्रश्न वेगळ्या, संरक्षित पडद्यावर येतो. न बसवितां चालविलेल्या सॉफ्टवेअरास तो दिसत नाहीं, व आपल्यापुढचें चित्र थिजून राहतें. आपणांस वाटतें इंटरनेट गेलें. वस्तुतः पलीकडे ‘होय’ किंवा ‘नाहीं’ची वाट पाहिली जात असते. मामांनीं हें एका वाक्यांत सांगितलें: “सर, हा काहीतरी विचारतोय, होय म्हणू का?” (होय म्हणण्यापूर्वीं त्यांनीं विचारलें, याचें आम्हांस आजही कौतुक वाटतें.)

आतां कीबोर्डाकडे येऊं. आपण ‘क’चें बटण दाबलें म्हणजे कीबोर्ड संगणकास ‘क’ असें सांगत नाहीं. तो फक्त बटणाचा क्रमांक सांगतो. त्या क्रमांकाचें अक्षर काय, हें संगणकांत त्या वेळीं निवडलेली भाषा ठरविते. गिरगांवच्या जुन्या छापखान्यांचें चित्र डोळ्यांपुढें आणिलें तर हें लवकर समजेल. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनीं लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत टामस ग्रॅहाम यांच्या हाताखालीं खिळे घासण्याचें काम केलें व पुढें १८६९ सालीं स्वतःचा छापखाना काढिला. त्या काळच्या जुळाऱ्याचा हात खिळ्याकडे न पाहतां ठरलेल्या खान्याकडे जाई. खान्यांतील खिळे कोणी अदलाबदल करून ठेविले तर हात अचूक खान्याकडे जाऊनही शब्द मात्र भलताच जुळे. आमचें तसेंच झालें. ‘शाळा’ लिहितांना आमच्या बोटांनीं चारही बटणें बरोबर दाबलीं. त्याच बटणांवर इंग्रजींत एम्, ई, एन्, ई हीं अक्षरें असतात. आणि गिरगांवच्या संगणकाच्या खान्यांत त्या वेळीं इंग्रजी खिळे होते.

आम्हीं परळास राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यास दूरध्वनि केला. तो हंसून म्हणाला, “सर, तुम्ही मराठी घरी लावली आहे, ती शाळेत लावायला हवी.” मराठीच्या शिक्षकास असा निरोप मिळावा ही गंमत सोडली, तरी उत्तर तंतोतंत खरें होतें. आमचें सॉफ्टवेअर बटणांचे क्रमांकच पलीकडे धाडीत होतें. म्हणून भाषा निवडावयाची ती पलीकडे. कांहीं सॉफ्टवेअरें मात्र क्रमांक न धाडतां येथें तयार झालेलें अक्षरच धाडतात; तेथें मराठी घरीं लावावी व पलीकडे इंग्रजी ठेवावी. आपलें सॉफ्टवेअर कोणत्या जातीचें, हें त्याच्या कीबोर्डाच्या पर्यायांत बहुधा दिलेलें असतें व तेथून बदलतांही येतें. तें न सांपडल्यास प्रथम एका टोकास मराठी लावून एक शब्द लिहावा, मग तेथें इंग्रजी करून दुसऱ्या टोकास मराठी लावून तोच शब्द लिहावा. दोन मिनिटांचें काम आहे. पलीकडची भाषा बदलतांना कीबोर्डावरील जोडबटणांचा उपयोग करूं नये, कारण तीं पुष्कळदां आपलाच संगणक गिळून टाकितो. पलीकडच्या पडद्याच्या कोपऱ्यांतील भाषेच्या खुणेवर माऊसनें टिचकी द्यावी, हें उत्तम.

तरीही आमचीं अक्षरें भलतींच येत होतीं, कारण शाळेंतील मराठी आमची मराठी नव्हती! आमचे कारकून टायपिंगच्या वर्गांत रेमिंग्टन टंकयंत्रावर शिकलेले. त्यांनीं संगणकावरही तीच बटणांची मांडणी ठेविली होती. आम्ही शिकलों ती इन्स्क्रिप्ट. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकांत आहे. तींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हातास येतात, आणि मराठींत ‘क’ ज्या बटणावर त्याच बटणावर गुजराथींत व बंगालींतही ‘क’. विद्यार्थ्यांनीं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची संवय लावून घेतली आहे, ती आम्हांस फारशी मान्य नाहीं. तिनें ‘ण’ व ‘न’ यांचा विवेक बोटांतून जातो. असो. पलीकडे इन्स्क्रिप्टही जोडून घेतली, आणि ‘शाळा’ची शाळा झाली.

मधूनच एक निराळा उपद्रव होई. एका खिडकींतून दुसरींत जाण्यासाठीं आम्ही ऑल्ट व टॅब हीं बटणें दाबूं, आणि परत आल्यावर कोणतेंही अक्षर उमटत नसे. निरनिराळे आदेश मात्र उघडत. याचें कारण असें कीं, ऑल्ट दाबल्याची वार्ता गिरगांवास पोंचली, पण बोट उचलल्याची वार्ता लालबागच्या संगणकानें स्वतःजवळच ठेवून घेतली. गिरगांवचा संगणक अजून समजत होता कीं आम्हीं ऑल्ट दाबूनच धरिलें आहे. अशा वेळीं दूरच्या खिडकींत टिचकी देऊन शिफ्ट, कंट्रोल व ऑल्ट हीं डावीं-उजवीं सर्व बटणें एकेकदां दाबून सोडावीं. अडकलेलें बटण सुटतें. शिफ्ट पांच वेळां लागोपाठ दाबूं नये, नाहींतर विंडोज निराळाच प्रश्न विचारावयास लागेल. कंट्रोल, ऑल्ट व डिलीट हीं तीन बटणें तर आपलाच संगणक अडवितो. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपांत त्यांतील डिलीटच्या जागीं ‘एण्ड’ हें बटण दाबावें, व इतरांत तोच आदेश वरच्या पट्टींत शोधावा.

येथवरचे दोष डोळ्यांस दिसणारे होते. दिसत नाहीं तो दोष पडद्याचा, आणि आम्हांस भीति त्याचीच अधिक वाटते. इंटरनेट मंद असलें म्हणजे सॉफ्टवेअर चित्र दाबून लहान करितें; बारीक रेघा व टिंब पुसट होतात. इंग्रजी अक्षर त्यांतूनही ओळखूं येतें. आपल्या लिपींत मात्र अर्थच टिंबावर लटकलेला असतो: ‘मंद’चें ‘मद’ होतें, ‘पंत’चें ‘पत’, ‘सावंत’ आणि ‘शिंदे’ यांची गोष्ट तर घराघराची. उकार ऱ्हस्व कीं दीर्घ तें कळत नाहीं, रफार निसटतो. अशा पडद्यावर जो मुद्रितें तपासतो, तो बरोबर शब्दास चूक समजून दुसरा अनुस्वार देतो, किंवा चुकलेल्यास बरोबर समजून पुढें जातो. आमच्या हातून दुसरा प्रकार तीन दाखल्यांत घडला.

यावर आम्हांस तीन उपाय सांपडले. सॉफ्टवेअरांत चित्राचा दर्जा निवडतां येतो. तेथें वेगापेक्षां स्पष्टतेस मान द्यावा व रंग कमी करावे लागले तरी करावे, कारण दाखला काळ्या-पांढऱ्यांतही वाचतां येतो. दूरच्या पडद्यावर मजकूर दुप्पट मोठा करून माऊस क्षणभर स्थिर ठेवावा. हालचाल थांबली कीं चित्र निवळतें. परंतु तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा. दूरचा मजकूर निवडून कॉपी करावा व आपल्या संगणकावर आणून चिकटवावा. पडद्यावर येतें तें चित्र. कॉपी करून येतात तीं खुद्द अक्षरें, म्हणजे त्यांचे ठरलेले युनिकोड क्रमांक, आणि त्यांत कांहीं पुसट होत नाहीं. ‘शिदे’ असेल तर येथें ‘शिदे’च दिसेल. त्याच वाटेनें उलटही जातां येतें: कीबोर्ड फारच त्रास देऊं लागला तर नांवें घरींच लिहून पलीकडे चिकटवावीं. मात्र दोन्ही टोकांस क्लिपबोर्ड सामायिक करण्याची परवानगी असावी लागते. आणि पलीकडची नोंद युनिकोडपूर्वींच्या जुन्या फाँटांत असेल तर हा उपाय चालत नाहीं.

फाँटावरून आठवलें. पलीकडच्या पडद्याचें चित्रच येत असल्यामुळें फाँट पलीकडे असला म्हणजे पुरे. आपल्याकडे तो नसला तरी बिघडत नाहीं. विंडोजमधील ‘मंगल’ हा फाँट रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं घडविला. ते मराठी कवि व सुलेखनकार होते, व आपल्या शहरांतील सर ज. जी. कलासंस्थेंत शिकलेले होते, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असावें.

पडदा काळा होण्याचीं कारणें अनेक आहेत, पण तीं बहुधा साधीं असतात. पलीकडचा संगणक झोंपीं गेलेला असतो. त्याची झोंपेची व्यवस्था आधींच बंद करावी. लॅपटॉपचें झांकण कोणीतरी मिटलेलें असतें. पडदाच जोडलेला नसेल तर कित्येक संगणक चित्र तयार करीतच नाहींत. आमचें कारण हेंच निघालें. मामांनीं पावसाचें पाणी खिडकींतून येतें म्हणून मॉनिटरची तार काढून तो कपाटावर ठेविला होता, व संगणक मात्र इमानें चालू ठेविला होता! दोन पडदे असतील तर आपण रिकामाच पाहत असूं, हेंही तपासावें. मॅक संगणकावर पडद्याचें चित्रण करण्याची परवानगी निराळी द्यावी लागते; ती नसेल तर कामाच्या खिडक्या दिसतच नाहींत. आणि वीज? ता. १२ आक्टोबर १९२० नव्हे, २०२० रोजीं (हात अजून जुन्या शतकांत वळतो) मुंबईची वीज सकाळीं एकाएकीं गेली व लोकलगाड्याही थांबल्या. अशा वेळीं वीज परत आल्यावर संगणक आपण होऊन सुरू व्हावा अशी तजवीज कित्येक संगणकांच्या मूळ मांडणींत असते. ती करून ठेवावी, म्हणजे कोणास जिने चढावे लागत नाहींत.

एक काळा पडदा मात्र दुरुस्त करावयाचा नसतो. मोबाइलवर कित्येक बँकांचीं अ‍ॅपें दुसऱ्याच्या पडद्यावर मुद्दामच काळीं दिसतात. जेथें माणूस फसण्याचा संभव, तेथें हें दार जाणूनबुजून लावलेलें आहे. ज्या सॉफ्टवेअरनें आम्हीं दाखले लिहिले, त्याच सॉफ्टवेअरनें चोरीही होते. फेब्रुवारी २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बँकांस एनीडेस्कच्या अशाच दुरुपयोगाविषयीं सावध केलें होतें. रीत ठरलेली आहे: दूरध्वनि येतो, ‘तुमचें खातें बंद होईल’ असें भय घातलें जातें, अ‍ॅप बसवावयास सांगतात, आणि मग पडद्यावर आलेला क्रमांक विचारतात. तो दिला व परवानगी दिली कीं आपला मोबाइल परक्याच्या हातांत गेला. पुढें आलेला गुप्त संकेत तोही वाचतो. आमच्या शेजारीं गिरणींतून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. त्यांच्यावर हा प्रसंग आला तेव्हां सहावींतील नातीनें एवढेंच विचारलें, “आजोबा, बँकेला आपला मोबाइल कशाला बघायचाय?” आजोबांनीं दूरध्वनि ठेवला. निवृत्तीचे सारे पैसे त्या खात्यांत होते.

हें घडून गेलेंच असेल तर लाज बाळगण्यांत वेळ दवडूं नये. मोबाइलचें इंटरनेट तत्काळ बंद करावें, दुसऱ्या दूरध्वनीवरून बँकेस कळवावें व १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार द्यावी. जितकी त्वरा, तितका पैसा अडविण्याचा संभव अधिक. आणि घरांत आजी-आजोबांसाठीं असें सॉफ्टवेअर तुम्हीं विद्यार्थ्यांनींच बसवून दिलें असेल, तर काम होतांच तें काढून टाकावें. आम्हींही शाळेचा पासवर्ड दाखले संपले त्याच दिवशीं बदलला.

त्या तीन दाखल्यांपैकीं दोन छापण्यापूर्वीं सांपडले. तिसरा एका मातेनें सांपडविला, दादरच्या त्या बाईंनीं चष्मा पुसून दाखला पाहिला व म्हणाल्या, “सर, आमचा टिंब राहिला.” आम्हीं तो मागून घेऊन, कॉपीच्या उपायानें पुनः तपासून, नवा करून दिला. तेव्हांपासून शाळेंत असा प्रघात पडला आहे कीं, दाखला छापण्यापूर्वीं विद्यार्थ्याचें नांव मोठ्या अक्षरांत छापलेली चिठ्ठी घरीं पाठवावयाची. यंदाही दहावीच्या पालकांकडे ती येईल. ती दिव्याखालीं धरून काना, उकार व अनुस्वार बोटानें मोजून पाहावे, चूक असल्यास लाल शाईनें खूण करावी, आणि सही करून आठ दिवसांच्या आंत कचेरींत परत पाठवावी.